हलीमा, रुकय्याची लेक

रुबिनाचा निरोप दुपारी आला. तिचे आवाजी निरोप एरवी लांबलचक असतात. भाजीच्या भावापासून सुरू होऊन मुलीच्या शाळेपर्यंत जाणारे. हा छोटा होता. "ताई, हलीमाबाय गेली. सकाळीच गेली. जोहरनंतर दफन पण झाला. मला आत्ता तिच्या बहिनीचा फोन आला..." त्यानंतर काही क्षण नुसता पंख्याचा आवाज, आणि निरोप संपला.

रियाधमध्ये मृत्यूची बातमी बहुधा अशीच, सगळं उरकल्यावर येते. पहाटे माणूस गेलं तर दुपारच्या नमाजनंतर ते मातीत असतं, आणि बायका कबरस्तानात जात नाहीत. त्यामुळे शेवटचं पाहणं वगैरे झालं नाही. हलीमाचं वय साठीच्या आतबाहेर होतं. नक्की आकडा तिलाही माहीत नव्हता. ज्या पिढीची जन्मतारीख कागदावर अंदाजाने लिहिली गेली त्या पिढीतली ती होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती, काही काळ ती डायलिसिसवर होती. बातमी अनपेक्षित म्हणता येणार नाही. आता या गोष्टीला काही आठवडे झाले आहेत.

हलीमा लग्नांत डफ वाजवून गाणाऱ्या बायकांच्या एका ताफ्याची प्रमुख होती. सौदी लग्नात पुरुषांचा हॉल वेगळा आणि बायकांचा वेगळा असतो. खरं लग्न बायकांच्या हॉलमध्ये होतं, आणि तिथे गायला बायकाच लागतात. अशा गाणारणीला इथे तग्गागा म्हणतात. शब्द तसा साधा, वाजवणारी एवढाच. पण तो उच्चारताना लोकांचा आवाज थोडा खाली येतो. ताफ्याशिवाय लग्न होत नाही आणि ताफ्यातल्या बाईशी सोयरीक सहसा कोणी करत नाही. या बहुतेक बायका आफ्रिकी वंशाच्या असतात. काहींचे पूर्वज गुलाम म्हणून आणले गेले, काहींचे हजसाठी चालत आले आणि इथेच राहिले. हलीमाच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एकत्र आल्या होत्या. तिचं माहेर मक्केचं. घराणं मूळ पश्चिम आफ्रिकेतलं, हौसा बोलणारं. मक्केत चार पिढ्या होऊनही तिचे भाऊ आजही इकामा, म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, काढून राहतात. सासर रियाधचं. सासऱ्यांच्या वडिलांना नज्दमधल्या, म्हणजे रियाधभोवतीच्या मुलखातल्या, एका मोठ्या कबिल्यातल्या घराने विकत घेतलं होतं. पुढे गुलामी कायद्याने संपली, माणसं मोकळी झाली आणि त्यांतल्या पुष्कळांनी मालकांच्या कबिल्याचंच नाव आडनाव म्हणून लावलं. लावण्यासारखं दुसरं नाव त्यांच्याकडे नव्हतं. हलीमाचा नवरा मुबारक त्याच घराण्याकडे ड्रायव्हर होता. तो लवकर वारला. डफ तिला सासूने शिकवला होता. नवऱ्यामागे तिने एकुलत्या मुलीला, नूराला, त्या डफावर वाढवलं.

तिची ओळख रुबिनामुळे झाली. रुबिना मूळची श्रीवर्धनची. मलझ भागातल्या आमच्या इमारतीत ती खालच्या मजल्यावर राहते, नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात आहे आणि ती घरी शिवणकाम करते. ताफ्याचे एकसारखे झगे तिच्याकडे शिवले जात. बत्ह्याच्या बाजारातून कापडाचा तागा आणायचा आणि त्यातून ताफ्यातल्या सगळ्या बायकांची मापं बसवायची, असं ते काम. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हलीमा आरशासमोर उभी राहून दोन्ही हात डोक्यावर नेत होती आणि खाली आणत होती. "हे बघ, इथे ओढतंय. डफ कानाच्या वर जातो. तू मला सुलतानेसारखे हात मांडीवर ठेवून बसणारीचा झगा शिवलायस." हे सगळं हिंदीत, मध्येच अरबी. मक्केत लहानपणी आईबरोबर हिंदी हाजींना भजी विकताना ती हिंदी शिकली होती, आणि ती भाषा त्या बाजारातच थांबलेली होती. लिंग-वचनाचा तिला जाच नव्हता. इथे तिचं बोलणं मराठीत दिलं आहे, त्यामुळे त्यातली निम्मी गंमत गेली आहे.

"हलीमाबाय, ही आमची वरची ताई," रुबिनाने टाचण्या तोंडात धरूनच ओळख करून दिली. "आधी अखबारात होती, पुण्याला."

"अखबारवाली?" हलीमाने हात खाली घेतले. "मग फोटो नको काढू. फोटोत मी नुसती जाड दिसते. फोटोत आवाज येत नाही."

आवाजही कुठे साठवलेला नाही. बायकांच्या हॉलमध्ये शिरताना दारातच फोन काढून घेतात, किंवा कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. त्यामुळे रियाधच्या शेकडो घरांना माहीत असलेल्या या गाणारणीचं एकही ध्वनिमुद्रण नाही. तिला त्याची खंत असल्याचं कधी दिसलं नाही. "ज्यांच्या लग्नात गायले त्यांच्या डोक्यात आहे," असं ती म्हणे, आणि विषय बदले.

त्याच दिवशी तिने विचारलं, "तुझा कबिला कोणता?" कबिला नाही, असं उत्तर दिल्यावर ती खूश झाली. "म्हणजे माझ्यासारखीच!" मग रुबिनाने समजावलं, की आमच्याकडे आडनाव असतं आणि बऱ्याच जणांचं आडनाव गावावरून पडतं. मुसलमानांत पण, हिंदूंत पण. हलीमाने दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. "गाव नाव देतं? हे चांगलंय. गाव कोणाला विकत घेत नाही." रुबिना हसली. हलीमाही हसली, आणि पुन्हा हात वर करून आरशाकडे वळली.

एका लग्नात तिने रुबिनाला आणि मला ताफ्याच्या मागे बसवून घेतलं होतं. बाजूच्या खोलीत इलेक्ट्रिक शेगडीभोवती डफ उभे करून ठेवलेले होते. हॉलमधल्या एसीने कातडं सैल पडतं आणि डफ मुका होतो, म्हणून ते शेकावे लागतात. बाहेर कितीही उन्हाळा असो, ताफ्याच्या खोलीत शेगडी पेटलेली असते. झैनब नावाची हलीमाची जुनी साथीदारीण एकेक डफ गालाला लावून बघत होती. हलीमा मात्र डोळे मिटून ओठ हलवत होती. दुआ म्हणत असेल असं वाटलं. ती नावं घोकत होती.

या गाण्यांत नावांना महत्त्व असतं. वधूच्या आणि वराच्या घराण्यांची, त्यांच्या कबिल्यांची, बाप-आजा-पणज्यांची नावं घालून कवनं रचलेली असतात. घरातली मोठी बाई आधी ताफ्याच्या प्रमुखाला ती सगळी नावं सांगते. गाण्यात घराण्याचं नाव आलं, की त्या घराण्याच्या बायकांनी उठून मधल्या मोकळ्या जागेत येऊन नाचायचं असतं. न उठणं हा अपमान समजला जातो. किती बायका उठल्या यावर घराण्याचं वजन ठरतं, आणि किती उठवल्या यावर तग्गागाचं. हलीमाला हे उठवणं साधलेलं होतं. त्या दिवशी तिने वराच्या पणज्याचं नाव घेतलं तेव्हा काठी टेकत चालणारी एक म्हातारी काठी खुर्चीला टेकवून पुढे आली होती. तो कबिला नेमका मुबारकच्या आडनावाचा होता. त्या कबिल्याची कवनं हलीमाला सगळ्यांत जास्त पाठ होती. बायका तिला प्रेमाने "तू आमचीच" म्हणत. ती "अल्ला तुम्हाला आयुष्य देवो" म्हणे, आणि पुढचं कडवं घेई.

नूरा आईच्या मागे कधी बसली नाही. ती शिकली, एका सरकारी इस्पितळात फार्मसिस्ट झाली, बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाल्यावर लायसन्स काढून गाडी घेतली. उंच, नीटनेटकी, कमी बोलणारी मुलगी. रुबिनाकडे आईला सोडायला आली तर आत येत नसे. खाली गाडीतच बसून राही. एकदा आली, ती तिचं लग्न ठरल्यावर. मुलगा इद्रिस, इंजिनिअर, मक्केचा. त्यांचंही घराणं चार पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून आलेलं. वडील शाळेचे मुख्याध्यापक होते. स्थळात काही उणं नव्हतं. फक्त मुलाच्या आईची एक विनंती होती, आणि ती नूराने त्या दुपारी शिलाई मशीनपाशी उभं राहून सांगितली.

"यम्मा, लग्नात तू पाहुणी असशील."

"असेन की. मुलीची आई आहे."

"तसं नाही. डफ घ्यायचा नाही. ताफा दुसरा बोलवायचा. उम्म इद्रिसचं म्हणणं आहे..." नूरा थांबली. मग तिने सासूचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. उम्म इद्रिस म्हणाल्या होत्या, आपल्या लोकांबद्दल या देशाला दोनच गोष्टी माहीत आहेत, आपलं खाणं आणि आपला ढोल. मुलांना आम्ही शिकवलं ते तिसरी गोष्ट माहीत व्हावी म्हणून. लग्नाला इद्रिसच्या कंपनीतल्या लोकांच्या बायका येणार. त्यांच्यासमोर नवरीची आई ताफ्यात बसलेली नको.

रुबिनाने मशीन थांबवलं. "म्हंजे ढोल चालंल, ढोलवाली आई नको?" हे ती मराठीत म्हणाली, म्हणून बरं झालं.

हलीमाने मुलीला विचारलं, "आणि तुझं काय म्हणणं आहे?"

"मी काउंटरवर उभी असते तेव्हा लोक मला डॉक्टर म्हणतात, यम्मा. मग कोणीतरी ओळखतं. 'अरे, तू हलीमाची!' म्हणतात, आणि खांदे हलवून नाचून दाखवतात. काउंटरसमोर. औषधाची चिठ्ठी हातात घेऊन."

मग हलीमा म्हणाली, "बरं. पाहुणी काय करते?"

"बसते."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

"आणि हात?"

"मांडीवर." नूरा आता हसत होती, पण डोळे कोरडे नव्हते.

"रुबिना, ऐकलंस ना?" हलीमा म्हणाली. "आता शिव मला सुलतानेचा झगा. घट्ट बाह्यांचा." नूरा गेल्यावर तिने एवढंच सांगितलं, की मुलाची आई चूक बोलत नाही. शब्द दिला आहे, डफाला हात लावणार नाही. रुबिनाने नंतर बाह्या खरोखर घट्ट शिवल्या, जरा रागानेच. झग्याचा रंग डाळिंबी होता.

लग्न दुपारी, असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर ठेवलं होतं. इथली लग्नं रात्री सुरू होतात. पण हलीमाचं डायलिसिस सुरू झालेलं होतं आणि जागरण तिला झेपलं नसतं. उम्म इद्रिस यांनी ही वेळ स्वतःहून सुचवली, हेही नोंदवायला हवं. हॉल लहान पण चांगला होता. मक्केहून हलीमाच्या बहिणी, मावस-चुलत बहिणी, त्यांच्या मुली आल्या होत्या. इद्रिसच्या बाजूने त्याची आजी चाकाच्या खुर्चीतून आली होती. कंपनीतल्या बायका एका बाजूच्या टेबलांवर बसल्या होत्या. हलीमाच्या ताफ्यातल्या बायकाही पाहुण्या म्हणून आल्या होत्या, आणि काम नसलेल्या हातांचं काय करावं हे न कळून सतत पाणी पीत होत्या. हलीमा पुढच्या रांगेत बसली होती. हात मांडीवर.

बोलावलेला ताफा उम्म फहद नावाच्या बाईचा होता. ती आणि हलीमा एकमेकींना ओळखून होत्या, स्पर्धाही होती; पण उम्म फहदने त्या दिवशी आपल्याकडून काही कमी ठेवलं नाही. वराच्या बाजूचं गाणं झालं. मक्केच्या जुन्या चालीवरचं ते गाणं होतं, त्यात कबिला नव्हता, मोहल्ल्याचं नाव होतं. त्या मोहल्ल्याच्या बायका उठून नाचून बसल्या. मग वधूच्या बाजूची पाळी आली. नावं विचारायला उम्म फहदने फोन केला तेव्हा हलीमा इस्पितळात होती. फोनवर जी बहीण सापडली तिने मुलीचं आणि बापाचं नाव आडनावासकट सांगून टाकलं. आडनाव ऐकल्यावर उम्म फहदला पुढे काही विचारायची गरज वाटली नाही. एवढ्या मोठ्या कबिल्याची कवनं रियाधमधल्या प्रत्येक ताफ्याला पाठ असतात. तिने ती घेतली.

पहिलं कडवं झालं. कबिल्याचं नाव आलं, त्यांच्या घोड्यांचं, त्यांच्या विहिरींचं, पाहुण्यांसाठी न विझणाऱ्या चुलीचं वर्णन आलं. कोणी उठलं नाही. त्या कबिल्यातलं कोणी लग्नाला आलेलंच नव्हतं. बोलावणं गेलं होतं, दोन पुष्पगुच्छ आले होते, ते दाराशी उभे होते. मक्केच्या बायकांना ते नाव आपलं वाटायचं कारण नव्हतं. मुबारकच्या बाजूच्या उरल्यासुरल्या दोन नणंदा होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि खाली पाहिलं. मंचावर नूरा पांढऱ्या पोशाखात सरळ बसून होती. उम्म फहदला वाटलं असावं की माईक नीट लागलेला नाही. तिने आवाज वाढवायला लावला आणि तेच कडवं पुन्हा घेतलं, जास्त जोरात. पुन्हा कोणी उठलं नाही. मधली फरशी रिकामी होती, दिव्यांनी चकचकत होती. कंपनीतल्या बायकांच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. तिसऱ्यांदा कबिल्याचं नाव घेताना उम्म फहदचा आवाज खाली आला. तिच्या मागचे डफ एकामागून एक बंद पडले.

हलीमा उठली. ती सावकाश ताफ्यापर्यंत चालत गेली. उम्म फहदने घाईने स्वतःचा डफ पुढे केला. हलीमाने मान हलवली आणि माईक घेतला. "तू वाजव," ती म्हणाली. माईक चालू असल्याने ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मी सांगते."

उम्म फहदने संथ ठेका धरला. हलीमाने गायला सुरुवात केली. शब्द साधे होते, यमक नव्हतं. बहुधा ती तिथल्या तिथे जुळवत होती.

नूरा, हलीमाची. हलीमा, रुकय्याची; रुकय्या, जिने मीनामध्ये हाजींना भजी तळून खाऊ घातली, आणि तेलाने भाजलेल्या हातांनी मुली वाढवल्या. इथे हलीमाच्या बहिणी उठल्या. रुकय्या, हव्वाची; हव्वा, जिचा जन्म वाटेत झाला, दारफूरच्या एका झाडाखाली, आणि काफिला तिच्यासाठी एक दिवस थांबला. मावस-चुलत बहिणी उठल्या, त्यांच्या मुली उठल्या. हव्वा, तलातूची; तलातू, मंगळवारी जन्मलेली, जी कानोहून पायी निघाली, वाटेत शेतं नांगरली, वाटेत पोरं पुरली, आणि समुद्र दिसेपर्यंत चालत राहिली...

चाकाच्या खुर्चीतली आजी काहीतरी ओरडली. हौसात होतं ते. हलीमाच्या बहिणीने नंतर सांगितलं, की ती म्हणत होती, माझी आईसुद्धा, माझी आईसुद्धा. दोघींनी तिला बगलेत धरून उभं केलं. मग बसून राहणारं फारसं कोणी उरलं नाही; त्या हॉलमधल्या जवळजवळ प्रत्येकीची पणजी कुठून तरी चालतच आलेली होती. हलीमाच्या ताफ्यातल्या बायकांनी पाण्याचे ग्लास खाली ठेवले आणि टाळ्यांवर ठेका धरला. कंपनीतल्या बायका पाहत होत्या. त्यांतली एक उठून फरशीवर आली, ती इजिप्तची होती की सीरियाची हे कळलं नाही. उम्म इद्रिसही उठल्या. सासू उभी असताना बसून राहता येत नाही, हे कारण असेल. दुसरंही काही असेल. त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

नूरा मंचावरून उतरली नाही, आणि नवरीने उतरायचंही नसतं. गाणं संपेपर्यंत ती आईकडे पाहत होती. हलीमा परत येऊन खुर्चीवर बसली आणि तिने हात मांडीवर ठेवले. घट्ट बाहीची उजव्या खांद्यापाशी शिवण उसवली होती. रुबिना माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, मी सांगितला होता ना मोठा शिवूया. ऐकतंय कोन."

पुढे कित्येक आठवड्यांनी नूरा रुबिनाकडे आली होती. रुबिना तोंडावर विचारणारी बाई आहे. तिने विचारलं, रागावली होतीस का गं आईवर?

"दोन दिवस," नूरा म्हणाली. "मग लक्षात आलं, तिने शब्द मोडलेला नाही. डफाला हात लावला नव्हता."

"आनि सासू?"

"सासूबाई मला रोज त्यांच्या आईबद्दल सांगतात. आधी कधी सांगत नव्हत्या."

त्यानंतर हलीमा आणखी एक हिवाळा गायली, बसून आणि थोडं थोडं. त्या हिवाळ्यात तिने एक नवी गोष्ट सुरू केली. नावं सांगायला येणाऱ्या बायकांना ती वधूच्या आईकडच्या बायकांची नावं विचारू लागली. नज्दमध्ये हे सोपं नाही. इथे पुरुष चारचौघांत आईचं नाव घेत नाही. तिला मुलाच्या नावाने ओळखलं जातं, अमक्याची आई. बायकांच्या हॉलमध्ये पुरुष नसतात, तिथे अडायचं कारण नाही. पण सवय आत येतेच. काही घरांनी नकार दिला. एका घराने ताफाच बदलला. काहींनी संकोचत एखादं नाव दिलं, आणि लग्नात ते नाव आल्यावर कोणाच्या तरी डोळ्यांना पाणी आलं. हलीमा त्याचा गवगवा करत नसे. झैनब कुरकुरत असे, की आधीची कवनं पाठ करतानाच जीव जातो, आता ही नवी कुठून आणायची. "त्यांच्याकडूनच," हलीमा म्हणे. "आपण थोडीच त्यांच्या आज्यांना ओळखतो."

सांत्वनाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी रुबिना आणि मी तिच्या घरी गेलो. लांबट खोली, भिंतीला लागून गाद्या, मध्ये कडू कॉफी आणि खजूर. नूरा दारासमोरच्या गादीवर बसली होती, शेजारी उम्म इद्रिस. बायका येत होत्या, "अल्ला तुझं दुःख हलकं करो" म्हणून थोडा वेळ बसून जात होत्या. आम्ही असतानाच एक वयस्क बाई आल्या. ड्रायव्हरची गाडी, मागे नोकराणी, खोलीतल्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्या उम्म तुर्की. मुबारक ज्यांच्याकडे ड्रायव्हर होता त्याच घरातल्या. त्यांनी नूराला जवळ घेतलं, हलीमाबद्दल चार चांगले शब्द बोलल्या आणि ते मनापासून होते. मग कॉफी घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "माझ्या लेकीच्या मुलीचं लग्न आहे, ईदनंतर. हलीमाने हो म्हटलं होतं. आता कसं करायचं?"

"झैनब गाईल," नूरा म्हणाली. "ताफा तोच आहे."

"नावं तुम्हाला माहीतच आहेत."

"मुलीच्या बापाकडची आहेत. आईकडची सांगा. यम्मा ती घेतल्याशिवाय सुरू करत नव्हती."

उम्म तुर्कींनी पेला खाली ठेवला. "आईकडची म्हणजे... मुलीची आजी तर मीच."

"हो. तुमचं नाव?"

उम्म तुर्कींनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या बायकाच होत्या. "लतीफा," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं त्या घरी जाणाऱ्या-येणाऱ्या झैनबने चटकन वर पाहिलं. हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"तुमच्या आईचं?"

"मुदी."

"आणि मुदीच्या आईचं?"

यावर उम्म तुर्की थांबल्या. पणजोबांपासून वरची चौदा पुरुषांची नावं त्या एका दमात सांगत, हे मी ऐकलेलं होतं. त्यांनी थोडा वेळ खजुराच्या ताटाकडे पाहिलं. मग नोकराणीकडून पर्स घेतली, फोन काढला आणि बहिणीला लावला. त्यांना कमी ऐकू येत असल्याने फोन स्पीकरवर होता आणि पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"आपल्या आजीचं नाव काय होतं गं? आईची आई."

"आजीचं? का? कागदासाठी हवंय का?"

"गाण्यासाठी."

पलीकडे बराच वेळ कोणीतरी कोणाला तरी विचारत होतं. खोलीत कोणी कॉफी ओतत नव्हतं, खजुराला हात लावत नव्हतं. मग फोनमधून आवाज आला, "तरफा. तिचं नाव तरफा होतं."

नूराने ते नाव हळू आवाजात म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. तिची दोन बोटं गुडघ्यावर ठेक्यात पडत होती. नाव गाण्यात घेण्याआधी हलीमा ते असंच जिभेवर घोळवून बघायची, असं झैनबने नंतर सांगितलं. नूराने तिसऱ्यांदा म्हटलं, आणि झैनबकडे पाहिलं.

"बसतं," नूरा म्हणाली.